दोन दिवसांचं ऊन

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या सासरी एक पद्धत होती. घरात येणारी प्रत्येक सून लग्नात तोच एक नऊवारी शालू नेसायची आणि पुढची सून येईपर्यंत तो तिच्याच ट्रंकेत राहायचा. डाळिंबी रंग, वीतभर रुंद जरीचे काठ. माझ्याआधी तिघी तो नेसल्या होत्या आणि तिघींनीही तो जसाच्या तसा पुढे दिला होता. नव्वदनंतरची ती पहिली दोन-चार वर्षं असतील. माझं लग्न झालं आणि मी, नवरा, एक लोखंडी ट्रंक आणि तो शालू असे नवी मुंबईतल्या रबाळ्याला आलो.

नवरा तिथल्याच एका कारखान्यात होता. आम्ही गावठाणात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. घरमालकीणबाई मूळच्या तिथल्याच. पूर्वी भातशेती करायच्या, शेती गेली आणि तिच्या जागी ही तीन मजली इमारत उभी राहिली. मागे खाडी होती. भिंतीवर हात ठेवला तर हात दमट व्हायचा. मिठाच्या बरणीत चमचा घातला की तो मिठासकट वर यायचा. हे सगळं मला दिसत होतं, पण त्यावरून काही शिकावं असं मला वाटलं नाही. मी तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं येतं असा माझा ठाम समज होता.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. आत्यांनी शालू ठेवायची रीत मला तोंडपाठ करून दिली होती. चैत्रात थंडीचे कपडे आत टाकताना शालूही टाकायचा. कडुलिंबाचा पाला दोन दिवस उन्हात वाळवायचा, जुन्या धोतराच्या फडक्यात शालू गुंडाळायचा, घडीघडीत पाला घालायचा आणि दसऱ्यापर्यंत ट्रंकेला हात लावायचा नाही. पावसाळ्यात झाकण उघडलं की ओल शिरते, हे त्यांचं म्हणणं.

पाडव्याला मी शालू नेसले आणि त्याच आठवड्यात आवराआवर काढली. नवऱ्याचे दोन स्वेटर, माझी शाल, एक कानटोपी. रबाळ्यात थंडी ती कसली, पण गावी जाताना लागायचे. कडुलिंबाच्या डहाळ्या रस्त्यावरच्या झाडाच्या आणल्या, गच्चीवर पसरल्या आणि बरोबर दोन दिवसांनी उचलल्या. आमच्या गावी दोन दिवसांत पाला पापडासारखा चुरचुरायचा. इथं तो नुसता मऊ पडला होता. मी बोटांनी चाचपलंही होतं. पण दोन म्हणजे दोन, असं मनाशी म्हणत मी तो टोपलीत भरला. वर स्वतःची अक्कल चालवली ती वेगळीच. खाडीची हवा लागू नये म्हणून फडक्यात गुंडाळलेला शालू मी साडीच्या दुकानातल्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि तोंड सुतळीनं आवळून बांधलं.

घरमालकीणबाई दारात उभ्या राहून हे बघत होत्या. त्यांना आत येण्याचं आमंत्रण लागायचं नाही आणि सल्ला द्यायला निमित्त लागायचं नाही.

"पोरी, पाला अजून ओला हाय," त्या म्हणाल्या. "आनि पिशवीत कशाला कोंडतेस त्याला? हितं कापडाला वारा दाखवायला लागतो. दर पंधरा दिसांनी काढ, घडी मोड, परत ठेव."

मी हसून बरं म्हणाले आणि सुतळीला आणखी एक गाठ मारली. रात्रंदिवस चिखलात राबलेल्या बाईला भरजरी शालूचं काय कळणार, असं माझ्या मनात आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं होतं ते हेच, आणि याच शब्दांत.

पावसाळ्यात दोनदा मला ट्रंक उघडावीशी वाटली. एकदा तर झाकणावरची भांडी उतरवूनही ठेवली. मग आत्यांचा शब्द आठवला आणि भांडी परत वर चढवली. भाद्रपदात गावाहून आंतर्देशीय पत्र आलं. धाकट्या दिराचं लग्न ठरलं होतं, मार्गशीर्षात. पत्राच्या शेवटी आत्यांनी लिहवून घेतलं होतं, की शालू आठवणीनं आणणे. आठवणीनं या शब्दाचा मला राग आला. विसरायला तो काय रुमाल होता?

दसऱ्याला सकाळी ट्रंक उघडली. स्वेटरांना थोडा कुबट वास होता, बाकी ठीक. मग पिशवीची गाठ सोडली आणि आतून असा वास आला की मी मान फिरवली. फडकं ठिकठिकाणी पिवळं पडलं होतं. पाला काळा होऊन घड्यांना चिकटला होता. पदराच्या बाजूनं पांढरी बुरशी, काठाची जर हिरवट काळी. मी अलगद घडी उलगडली. मधल्या एका घडीवर, जिथं पाला जास्त घातला होता, तिथं माझं बोट आरपार गेलं. जोर लावला नव्हता. नुसतं टेकवलं होतं.

ज्यांची मी पर्वा केली नाही ते स्वेटर धड राहिले आणि ज्याला जिवापाड जपलं तोच कुजला. मी तशीच ट्रंकेजवळ बसून राहिले. सोनं द्यायला आलेल्या शेजारणींना नवऱ्यानंच दारातून वाटेला लावलं.

वाशीच्या एका लाँड्रीत शालू दाखवला. तिथल्या म्हाताऱ्या माणसानं चष्मा कपाळावर चढवला, उजेडाकडे धरून बघितलं आणि डाग बरेच जातील म्हणाला. जरही थोडी उजळेल. पण घडीवर कापड विरलंय, त्याला तो काही करू शकत नव्हता. रफू करून देतो, मात्र ताण पडता कामा नये, असं त्यानं दोनदा बजावलं. मी विचारलं, नेसता येईल ना? तो म्हणाला, उभं राहायला हरकत नाही.

नऊवारी नेसून नवरी उभी किती वेळ राहणार होती? पाटावर बसायचं, होमापुढे वाकायचं, सप्तपदीला उठायचं. मी नवऱ्याला म्हणाले, आत्यांना आजच कळवू या, एसटीडी बूथवरून सरपंचांच्या घरी फोन करू या. तो म्हणाला, लग्न तोंडावर आलंय, आत्ता कशाला टेन्शन देतेस, नंतर सांग. मला तेच ऐकायचं होतं. त्याच्या सांगण्यावरून गप्प बसले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते काही खरं नाही.

गावी पोचल्यावर आत्यांनी शालू मांडीवर घेतला. त्यांनी काठावरून हात फिरवला, नाकाशी नेला आणि लाँड्रीत टाकला होतास काय, असं विचारलं. मी म्हणाले, इस्त्रीला दिला होता. त्या हो म्हणाल्या आणि शालू माझ्या हातात परत दिला. नवरीला नेसवायचं काम माझंच होतं.

नवरी माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, किडकिडीत आणि घाबरलेली. विरलेली घडी निऱ्यांच्या आत जाईल अशा बेतानं मी शालू नेसवला. एरवी मी कासोटा आवळून खोचते, तिचा सैल ठेवला. सैल वाटतोय ताई, सुटणार नाही ना, असं तिनं दोनदा विचारलं. सुटणार नाही, मी म्हणाले. फक्त बसताना जपून बस आणि उठताना सावकाश ऊठ. तिला वाटलं मी तिला वागण्यातलं सांगते आहे. तिनं मान डोलावली.

अक्षता पडल्या तेव्हा सगळे नवरा-नवरीच्या तोंडाकडे बघत होते, मी तिच्या गुडघ्यांकडे. ती पाटावर बसली. काही झालं नाही. होमात लाह्या टाकायला वाकली, तेव्हाही काही झालं नाही. माझा जीव जरा भांड्यात पडला. मग भटजींनी सप्तपदीला उठायला सांगितलं. दीर पटकन उठला. दोघांच्या शेल्यांची गाठ बांधलेली, त्या ओढीनं तीही झटकन उठली आणि पायाखाली काठ आला. आवाज फार मोठा नव्हता. पण मांडवात पुढे बसलेल्या सगळ्या बायकांना तो कळला. मांडीपासून खाली हातभर शालू उसवल्यासारखा फाटला होता.

आत्यांनी पुढे होऊन तिच्या कमरेभोवती दुसरा शेला गुंडाळला आणि विधी पुढे चालू झाला. बायकांची कुजबुज मात्र थांबली नाही. चौघींच्या अंगावर टिकलेला शालू हिच्या अंगावर टिकला नाही. अपशकुन झाला. पायगुण कळला. चुलत सासूबाई हे पंगतीत तिच्या आईला ऐकू जाईल अशा बेतानं बोलल्या. तिची आई जेवली नाही. परत निघताना ती लेकीच्या गळ्यात पडून रडली, तेव्हा सगळ्याच आया रडतात तसं ते रडणं नव्हतं, हे मला दिसलं. मी तिथंच उभी होते, हातात आहेराची पिशवी घेऊन, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सत्यनारायण झाल्यावर शालू सोपवायचा होता. हेही आमच्याकडे चारचौघींसमोर व्हायचं. जुनी सून एक टोक धरायची, नवी दुसरं, दोघी मिळून घडी घालायच्या आणि ठेवायची रीत जुनीनं नवीला सांगायची. माजघरात आत्या, चुलत सासूबाई आणि भावकीतल्या पाच-सहा बायका बसल्या होत्या. नव्या सुनेनं कालपासून मान वर केली नव्हती. तिनं पदराचं टोक धरलं. फाटलेली जागा आम्हा दोघींच्या मधोमध लोंबत होती.

"सांग तिला," आत्या म्हणाल्या.

मी कडुलिंबापासून सुरुवात करणार होते. दोन दिवस ऊन, धोतराचं फडकं. वाक्य ओठांवर आलं होतं. समोरची मुलगी इतकं मन लावून ऐकायला उभी होती, की जणू या वेळी काही चुकलं तर तिला घरातून काढणार होते.

"तुझ्या अंगावर फाटला नाही हा," मी म्हणाले. "दसऱ्यालाच गेला होता. मी ओला पाला घातला, वर पिशवीत कोंडला आणि सहा महिने उघडून बघितला नाही. रफू करून आणला आणि तुला नेसवला. मला सगळं माहीत होतं."

चुलत सासूबाईंनी सुपारी कातरायची थांबवली. मी आत्यांकडे बघत होते, शिव्या तिकडून येतील म्हणून. आत्या जमिनीकडे बघत होत्या.

नव्या सुनेनं पहिल्यांदा मान वर केली. तिला बरं वाटेल, ती रडेल, हात धरेल, अशी माझी समजूत होती. तिचा चेहरा रागानं लाल झाला होता.

"हे काल बोलायला काय झालं होतं, ताई?" ती म्हणाली. "माझी आई रडत गेली. तिला आता कोण सांगणार?"

मी माझं टोक आत्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ओसरीवर आले. नवऱ्याला तिच्या माहेरच्या गावची एसटी विचारली. साडेतीनची होती. संध्याकाळची परतीची चुकली तर मुक्काम पडेल, उद्या जा, असं तो म्हणायला लागला. मी चपला घातल्या.