पऱ्यापलीकडचा डबा

जानू भुवडने जन्मभर मुंबईत एका गोदामाची वॉचमनकी केली आणि त्या नोकरीने त्याला एकच गोष्ट पक्की शिकवली: माल कमी भरला, म्हणजे कोणीतरी तो नेला. उंदराने खाल्ला, ओल लागली, मोजणाराच चुकला, असल्या सबबी त्याने कधी ऐकून घेतल्या नाहीत. नोकरी संपवून संगमेश्वरजवळच्या आपल्या वाडीत तो परत आला, तेव्हा ट्रंकेबरोबर हा स्वभावही आला. वाण्याने चांगला नारळ काढून दिला, तरी यात काय खोट आहे म्हणून हा तो कानाशी धरून हलवत बसणार. त्याची बायको नंदा तर चहा पुढे ठेवतानाच सांगून टाकायची, "साकर कमी हाय. डब्यातली संपली. कोनी नेली नाय."

अशा माणसाच्या पावट्याच्या शेतात वांदरं शिरली, मग काय विचारता.

भात कापल्यावर त्याच जमिनीच्या ओलीवर पावटा होतो. पूर्वी सगळी वाडी पावटा करायची. आता पऱ्याच्या, म्हणजे वाडीच्या ओढ्याच्या, अलीकडे जानूचं शेत आणि पलीकडे हरिश्चंद्राचं, एवढीच दोन उरली होती. शेंग भरायला लागली की वांदरं टोळीने उतरायची आणि खायची त्यापेक्षा जास्त नासायची. मुंबईहून प्रमोदने, म्हणजे मुलाने, बजावलं होतं, "यंदा पावटा हाती लागला नाही, तर शेत पड टाका आणि दोघं इकडे या." जानू हो म्हणून बसला होता. त्याला जायचं नव्हतं. गोदामाच्या फाटकावर उभं राहून त्याने सगळी वर्षं याच शेताची वाट बघितली होती.

आणि वांदरं येत कशी, तर आधी पलीकडे डबा वाजे. हरिश्चंद्राच्या शेतातून पत्र्याचा डबा खणखणला, की थोड्या वेळाने वांदरं पऱ्या ओलांडून जानूच्या पावट्यात. झालं, जानूला चोर सापडला.

"मुद्दाम हाकलतो तो माज्याकं," तो नंदाला म्हणे. "नाव बग हरिश्चंद्र, नि धंदे बग."

"मग तुमी नाय हाकलत?" नंदा विचारी.

"मी माजा शेत राखतो."

दोघं एका वर्गात शिकलेले, एका आंब्याला दगड मारलेले. पण डब्यावरून बोलणं तुटलं ते तुटलंच. जानूचा संशय तेवढ्यावर थांबला नाही. हरिश्चंद्राने गूळ टाकून वांदरांना इकडची वाट दाखवली असणार, कुठूनतरी टेम्पोत भरून आणून सोडली असणार, इथपर्यंत त्याची मजल गेली. वाडीत एक रिवाज होता. पेरणीआधी सगळ्या घरांनी मिळून सीमेवरच्या राखणदार देवाला कोंबडा द्यायचा, त्याला राखण म्हणत. आणि पुढे पीक उभं राहिलं की घरटी पाळी लावून सगळ्यांच्या शेतांवर पहारा करायचा, त्यालाही राखणच म्हणत. घरांना कुलपं लागत गेली तशी पाळी मोडली. कोंबडा तेवढा राहिला, तोही आता दोघे वेगवेगळा देत. यंदा जानूने राखणदाराला गाऱ्हाणं घातलं, "माज्या शेतावर वाकडी नजर ठेवतो, त्याला बगून घे." नाव घेतलं नाही. देवाला कळायला नको?

शेवटी वॉचमनने ठरवलं की चोराला रंगेहाथ पकडायचा. सकाळी डबा नंदाच्या हाती देऊन तो मागच्या वाटेने सड्यावर, म्हणजे वाडीवरच्या कातळाच्या माळावर, चढला. वरून अख्खी वाडी दिसते. कातळाच्या कडेला करवंदीचं जाळं होतं, त्याच्या आड लपायचं म्हणून तो वाकला, तर तिथे आधीच कोणीतरी उकिडवं बसलेलं. हरिश्चंद्र.

"तू हितं काय करतोस?" जानूने विचारलं.

"तुला धरायला आलोय," हरिश्चंद्र म्हणाला. "वांदरं माज्याकं कशी लावतोस, ता बगायचा हाय."

दोघंही उठायला तयार नाहीत. आधी उठेल तो गुन्हेगार ठरेल अशी भीती. मग तसेच एकमेकांवर डोळा ठेवून बसले. खाली वांदरं उतरली ती जानूच्या पावट्यात. नंदाने डबा बडवला. वांदरं पऱ्यापार. तिकडे हरिश्चंद्राच्या बायकोने, तुळसाने, डबा बडवला. वांदरं अलीकडे. पुन्हा नंदा. पुन्हा तुळसा. दोन्ही नवरे आपापल्या बायकोचा प्रताप वरून बघत राहिले.

जानूची नजर मग आजूबाजूला गेली. अख्ख्या खोऱ्यात हिरवे तुकडे दोनच. बाकी सगळी पड, तिच्यात माणूसभर रान माजलेलं, वांदरांना बसायला-उठायला सोयीचं. एकेकाने वांदरांना कंटाळून शेत सोडलं होतं आणि त्याच्या वाट्याची वांदरं उरलेल्यांकडे आली होती. मग त्यांतला एखादा कंटाळायचा. जानूने इतकी वर्षं चोर शोधला होता. इथे माल गेला होता आणि नेणारा कोणीच नव्हता. हे त्याला मुळीच आवडलं नाही.

"माजा ह्यो शेवटचा पावटा," उठता उठता हरिश्चंद्र म्हणाला. "फुडच्या सालापासून पड. मग तू खुशाल कर एकटा."

जानू खूश होऊन सडा उतरू लागला. ब्याद टळली. पऱ्यापाशी आला आणि त्याचे पाय थबकले. हरिश्चंद्र गेला, की वांदरं हाकलायची कुठे? ज्याला तो चोर म्हणत होता, तो निम्मी वांदरं आपल्या अंगावर घेत होता.

संध्याकाळी तो काखेत कोंबडा घेऊन हरिश्चंद्राच्या दारापुढच्या खळ्यात उभा राहिला.

"ह्या काय?" हरिश्चंद्राने विचारलं.

"कोंबडा."

"ता दिसतोय. त्याच्यामागं काय हाय?"

"दोगांनी मिळून राखण देऊया. नि पाळी लावूया. डबा दोनीकडं एकदमच वाजवायचा, वांदरं सड्याकडं जातील."

"तुजा काय फायदा?"

खोटं बोलायची सोयच नव्हती. "माज्या एकट्याच्यान सगली पोसवत नाईत," जानू म्हणाला. "निम्मी तुजी. तू ऱ्हा."

हरिश्चंद्राने कोंबडा हातात घेतला, पंख उचलून नीट तपासला आणि तुळसाला चहा ठेवायला सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात दोन्ही तुकड्यांवर पावटा उभा आहे. थोडा वांदरं नेतात, थोडा उरतो. जानूचा स्वभाव काही सुधारलेला नाही. परवा सकाळी पलीकडचा डबा वाजलाच नाही, तर हा हातातला चहा तसाच टाकून पऱ्यापर्यंत धावत गेला.

"हरचंद," त्याने हाक मारली, "हायस ना रं?"

उत्तर येईपर्यंत त्याच्या जिवात जीव नव्हता.

"हाय रं," पलीकडून आवाज आला. "डबा सापडत नाय. तू तर नाय ना नेलास?"