सव्वादोन

कोणी "सरासरी" हा शब्द उच्चारला की काका आपला जाड भिंगांचा चष्मा कपाळावर सरकवायचे, समोरच्याकडे मिचमिच्या डोळ्यांनी पाहायचे आणि विचारायचे, "सरासरीले डोळे असते का?"

आता चष्मा काढल्यावर त्यांना समोरचा माणूस दिसत नव्हता, हे आम्हाला ठाऊक होतं. पण प्रश्न विचारायची त्यांची तीच पद्धत.

काका माझे नात्यातले कोणी नव्हते. नागपुरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात, मापाच्या खोलीत ते वर्षानुवर्षं बसले, म्हणून सगळ्यांचे काका. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याची लांबी मोजायची आणि आत कोणत्या पावरची लेन्स बसवली म्हणजे नंबर उरणार नाही, याचा अंदाज द्यायचा, हे त्यांचं काम. अंदाज चुकला की पेशंटला नंबर उरतो, आणि एकदा बसवलेली लेन्स शर्टाच्या बटणासारखी काढून दुसरी लावता येत नाही.

मी तिथे कॉम्प्युटरवर नोंदी करायला लागले, त्याच दिवशी त्यांनी आपलं रजिस्टर माझ्यासमोर उघडलं. त्यात चार रकाने होते. अंदाजाने सांगितलेला नंबर, दीड महिन्याने प्रत्यक्षात निघालेला नंबर, दोन्हींतला फरक. चौथा रकाना हिरव्या शाईचा. त्यात त्या फरकाचा वर्ग, म्हणजे फरकाला फरकानेच गुणून.

"वर्ग काहून, काका?"

"पाय, कन्हानचा एक माणूस एक नंबर प्लसमंधी चुकला. रामटेकची एक बाई एक नंबर मायनसमंधी. दोघाइची सरासरी?"

"शून्य."

"झालं! डॉक्टर खुश, तू खुश, मी खुश. अन् ते दोघं तिकडं बसची पाटी शेजारच्याले विचारून राहिले. वर्ग केला का वजा मरते वं. दोघाइचाही एक. मंग चुकीले लपाले जागा नाही."

आणखी एक गोष्ट त्यांनी मला त्या रजिस्टरातून शिकवली. चार जणांना पाव-पाव नंबर उरला, तर चौघांच्या फरकांचे वर्ग मिळून पावच भरतात. एकट्यालाच पूर्ण एक उरला, तर त्याचा वर्ग एक. "ते चौघं घरी पेपर वाचते, मले इसरून जाते," काका म्हणायचे. "तो एकटा मात्र मले जन्मभर आठवते." महिनाअखेर ते सगळ्या वर्गांची सरासरी काढायचे आणि तिचं वर्गमूळ काढून ते मोठ्या डॉक्टरांना द्यायचे. वर्गमूळ काढलं की आकडा परत चष्म्याच्या नंबरात येतो; वर्ग करून कोणी चष्मा घालत नाही, असं त्यांचं म्हणणं.

माणूस भारी घाबरट. प्रत्येक डोळा तीनदा मोजायचे. पेशंट फाइल घेऊन निघाला आणि जिन्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच हे मागून धावायचे. "बाबाजी, एकडाव परत बसता का?" ऑपरेशनच्या दिवशी डबा न उघडताच परत जायचा. एकदा कन्हानच्या एका शिंप्याचा अंदाज चुकला, तर रविवारी बसने त्याच्या दुकानात गेले आणि नंबर तपासायच्या काचांची पेटी मांडून त्याच्याकडून सुईत दोरा ओववून घेतला. शिंपी वैतागला होता म्हणे. दोरा ओवला गेला तेव्हा त्याने काकांना चहा पाजला.

तुमच्याही ऑफिसात असा एक असेलच. आपण त्याला हसतो आणि कुलूप नीट लागलंय का ते बघायला त्यालाच पाठवतो.

दोन वर्षांत मी त्यांच्या जुन्या रजिस्टरांवरून एक प्रोग्राम तयार केला. डोळ्याची मापं भरायची, तो लेन्सची पावर सांगायचा. जुन्या डोळ्यांवर तपासला, तेव्हा वर्गांची सरासरी काकांच्या सूत्रापेक्षा बरीच कमी आली. मी हवेत होते. काकांनी स्क्रीनला नाक लावून सगळं पाहिलं.

"याच्यात लांब डोळे किती वं?"

ज्यांना लहानपणापासून जाड मायनसचा चष्मा असतो, त्यांचा डोळा लांब असतो. काकांचाही तसाच. "फार नाहीत काका," मी म्हणाले. "पण एकूण चूक किती कमी आहे पाहा ना."

"त्याहीचा हिशेब अलग काढ. सगळ्याइच्या गर्दीत ते लपून जाते."

मी काढते म्हणाले आणि काढला नाही.

त्याच हिवाळ्यात काकांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला. डावा लहानपणापासून नावापुरताच होता. म्हणजे सगळी भिस्त एका डोळ्यावर. त्यांनी मोजायला मलाच बसवलं. मी तीनदा मोजलं, प्रोग्रामने पावर सांगितली. काका कितीतरी वेळ तो आकडा बघत बसले. हातातल्या हिरव्या पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

"जराशी वाढवू का? लांब डोळा फसवते बापा."

"काका, तुमची सवय आहे ती. भीती आहे नुसती."

"असन," ते म्हणाले आणि कागदावर सही केली.

त्यानंतरचा दीड महिना मला धड झोप नव्हती. तपासणीच्या दिवशी नंबर काढायचं मशीन नेमकं रामटेकच्या शिबिराला गेलेलं. मग मी त्यांना अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं, डावा डोळा झाकला. काच लावायला गेले, तर म्हणाले, "राहू दे, असाच वाचतो." आणि वरपासून खालपर्यंत, शेवटच्या बारीक ओळीसकट, सगळं घडाघडा वाचलं. माझी काडी मागे राहिली, ते पुढे गेले.

"पास झाली वं तू," काका म्हणाले. मी रजिस्टरात शून्य लिहिलं आणि सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली.

पुढे काही बारीकसारीक बदल झाले. काका स्कूटर सोडून मेट्रोने येऊ लागले. "गर्दी लय झाली," म्हणाले. आणि लांब डोळ्याचा पेशंट आला की फाइल माझ्या हातून घ्यायचे, प्रोग्रामने सांगितलेल्या पावरमध्ये हाताने थोडी भर टाकायचे. म्हातारपणी माणूस जास्तच भितो, असं मला वाटायचं. मग ते निवृत्त झाले. मापाच्या खोलीत मी एकटी उरले, आणि भर टाकणं मी बंद केलं.

लागोपाठ दोन लांब डोळे प्लसमध्ये चुकले. मी माझ्या हाताला दोष दिला, मशीनला दोष दिला. पण प्रोग्रामवर संशय घ्यावा, तर रजिस्टरात काकांच्या नावापुढे शून्य होतं.

गेल्या वर्षी काका हृदयविकाराने गेले. महिनाभराने काकू दवाखान्यात आल्या. आमच्या दाराशी जुन्या चष्म्यांची पेटी असते. त्यातला प्रत्येक चष्मा काचेचा नंबर सांगणाऱ्या मशीनवर लावून, नंबर लिहून आम्ही गरजूंना देतो. काकूंनी पिशवीतून एक चष्मा काढून माझ्या हातात दिला. पातळ काचांचा. मी तो त्यांच्या डोळ्यांवर कधीच पाहिला नव्हता.

सवयीने मशीनवर ठेवला. उजवी काच, लांबचं पाहायचा भाग. प्लस दीड. काच पुसून परत ठेवला. प्लस दीड.

"बर्डीवरच्या चष्म्याच्या दुकानातून बनवला होता," काकू म्हणाल्या. "घरी आले का घालत, दवाखान्यात निघाले का काढून ठेवत. मी म्हटलं, तुमच्याच दवाखान्यात काहून नाही बनवत? तं म्हणे, तिथं पोरगी आहे ना. तिले कळलं तं डोळा मोजाले भेईन ती."

तक्ता. जन्मभर लोकांकडून वाचून घेतलेला तक्ता त्यांना पाठ होता.

काकू गेल्या. रडू यायच्या आधी मला राग आला. चुकीला लपायला जागा नको म्हणणाऱ्या माणसाने माझी चूक आपल्या एकुलत्या एका डोळ्यात लपवली होती. ते होते तोवर प्रत्येक लांब डोळा त्यांनी हाताने सावरला. मला मात्र सांगितलं नाही, आणि त्यांच्या शून्यावर विसंबून मी दोन माणसांना चष्मा लावला. माझ्यावर जीव होता, हे कळतं. तरी सांगायला हवं होतं, काका.

रजिस्टर काढलं. माझ्या अक्षरातलं शून्य खोडून दीड लिहिलं. मग हिरवं पेन घेऊन चौथ्या रकान्यात सव्वादोन. त्या महिन्यातल्या बाकी सगळ्या डोळ्यांचे वर्ग मी एकत्र करून पाहिले. सगळे मिळून सव्वादोन भरत नव्हते.

दुपारी जाड भिंगांचे एक आजोबा आले. तीनदा मोजलं, हाताने भर टाकली, फाइल दिली. ते जिन्यापर्यंत पोचले असतील नसतील, मी मागून धावले.

"बाबाजी, एकडाव परत बसता का?"