पावशेरात पाच पानं

करंज्यांचा मैदा घट्ट भिजवून, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवल्यावर सुवार्ता खरात स्वयंपाकघरातच भिंतीला पाठ टेकून बसते. पीठ मुरायला तासभर तरी हवा. दुपारचे तीन वाजत आलेत. डिसेंबरचं ऊन खिडकीतून आत येऊन तिच्या पावलांवर पडलंय. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं ती स्वतःला बजावते. शेजारी कुणीतरी खलबत्त्यात वेलदोडे कुटतंय. तो आवाज हळूहळू लांब जातो, मग इतका लांब जातो की तो कसला आवाज आहे हेही तिला आठवेनासं होतं.

सकाळचा फोन मात्र डोक्यातून जात नाही. पुण्याहून धाकट्या भावाचा, शमुवेलचा. "ताई, आम्ही तेवीस तारखेला येतोय. दादाही सगळ्यांना घेऊन येतोय. फराळ तुझ्याच हातचा हं, बाहेरचं मुलं खात नाहीत." आणि मग, जाता जाता सांगावं तसं, "नाताळ झाला की घराचं बघून टाकू. तू आमच्याकडेच ये. नीलिमाची नोकरी, मुलांचे डबे, स्वयंपाकाच्या बाईचा काही भरवसा नाही. तू असलीस की आम्हाला बघायला नको." सुवार्ता "हूं" म्हणाली होती. त्रेपन्न वर्षांत ती बहुतेक वेळा "हूं"च म्हणत आली आहे.

"ऊठ," कुणीतरी म्हणतं. "बाजार उठायच्या आत जाऊन येऊ."

बाबा दारात उभे आहेत.

येशुदास खरात, जालन्याच्या मिशन छापखान्यातले बाइंडर. गेल्या मार्चमध्ये वारले. त्याआधी चार वर्षं अंथरुणाला खिळून होते, शेवटी शेवटी पाणीसुद्धा चमच्याने पाजावं लागायचं. आता मात्र ते ताठ उभे आहेत. अंगात रविवारचा कोट, हातात कापडी पिशवी. ते वारलेत हे सुवार्ताला ठाऊक आहे, पण त्यात विचित्र असं तिला काही वाटत नाही. तिच्या मनात एवढंच येतं, की आता ह्यांच्याही चहाला दूध लागणार.

"चपला घाला, बाबा."

"लागत नाहीत आता," ते म्हणतात आणि चालू लागतात.

उंबरा ओलांडला की समोर बाजार आहे. रोजची गल्ली कुठेच नाही. दोन्ही बाजूंना पथाऱ्या, आणि प्रत्येक पथारीवर फक्त उरलेलं. कागद फाटलेल्या बांबूच्या चांदण्या. एकेका पायाचे मोजे. नाताळची कार्डं, पण त्यांवर आधीच कुणाकुणाची नावं लिहिलेली. बाबा वाकून ती कार्डं चाळतात.

"ही घे. नाव खोडलं की झालं. कोण बघतंय?"

सुवार्ता कार्डं घेते. तिला अशी खरेदी नवी नाही. आई गेली तेव्हा ती सतरा वर्षांची होती, एक भाऊ दहाचा, एक सातचा. तेव्हापासून नाताळचा बाजार करायचा तो चोवीस तारखेच्या संध्याकाळी, विकणाऱ्याला घरी जायची घाई झाल्यावर. खोबऱ्याच्या वाट्या फुटलेल्या घ्यायच्या, काजू तुकडा घ्यायचा. चांदणीची काठी-कामटी तीच, पतंगाचा कागद नवा. भावांना शर्ट नवे, कारण मुलगे माणसांत मिरवणार. तिला त्याच शर्टांच्या कापडातून जे उरेल त्याचं पोलकं. घरात कोथिंबिरीचे देठ कधी फेकले गेले नाहीत, त्यांची चटणी झाली. शिळ्या भाकरीचा कुस्करा झाला. डाळीत पाणी घालायचं, पण ते पाणी आहे असं जिभेला कळू द्यायचं नाही, ही कला तिला कुणी शिकवली नव्हती. ती तिची तिलाच आली. आणि मग ती कला तिच्या गळ्यात पडली.

"सलाम, येशुदास," कुणीतरी बाबांना म्हणतं.

पथारीमागे चर्चच्या मंडळीतले जुने लोक बसलेत. एकेकाळच्या पाळकीणबाई, शाळेचे शिपाई, भजनातला झांजवाला. सगळे कधीच मातीआड गेलेले. बाबा तिच्या खांद्यावर हात ठेवतात आणि नेहमीचं बोलतात. हयात असताना दर रविवारी उपासना सुटल्यावर बोलायचे तेच.

"ही आमची सुवार्ता. पावशेर डाळीत पाच पानं वाढते. पाच भाकरी आणि दोन मासळ्यांत येशूने पाच हजार जेवू घातले, तो चमत्कार आमच्या घरी रोज होतो."

लोक हसतात. तीही सवयीने हसते. मग पेटीचा सूर येतो, एकच, लांबलेला, जरा फाटका, आणि बाजाराला छप्पर असल्याचं तिला दिसतं. वर लाकडी तुळया आहेत, बाजूला रंगीत काचा. पथाऱ्यांच्या जागी बाकं आहेत. ती चर्चमध्ये उभी आहे, हातात बाजाराची पिशवी घेऊन, आणि ती पिशवी कुठे ठेवावी ते तिला सुचत नाही.

वेदीच्या डाव्या बाजूला जमिनीवर एक माणूस पाठमोरा बसलाय. त्याने पेटी उघडून तिचा भाता मांडीवर घेतलाय.

विजयानंद रणपिसे. सोलापूरचा. सुवार्ता चोवीस वर्षांची असताना नाताळाआधी चर्चच्या पेट्या दुरुस्त करायला आला होता आणि चार दिवस त्यांच्याच घरी जेवला होता. तिसऱ्या दिवशी त्याने ताटातली भाकरी मोडून अर्धी बाजूला ठेवली आणि म्हणाला, "ही तुम्ही खा. तुम्ही सगळ्यांच्या शेवटी बसता आणि भाकरी उरत नाही, मी रोज बघतो." तोवर तिच्याबद्दल असं कुणी काही पाहिलं नव्हतं. चौथ्या दिवशी पहाटेच्या गाडीने तो गेला. बाबा म्हणाले, त्याला घाई होती. दोन वर्षांनी भजनातल्या मार्थाबाईंनी बोलता बोलता सांगून टाकलं, की त्याने बाबांकडे तिला मागणी घातली होती आणि बाबांनी त्याला सांगितलं होतं, मुलीची इच्छा नाही. सुवार्ता त्या दिवशी घरी आली, तिने पिठलं केलं, सगळ्यांना वाढलं आणि बाबांना काही विचारलं नाही. त्यानंतर सव्वीस वर्षं विचारलं नाही. तोंडात चमच्याने पाणी घालतानाही नाही.

आता ती बाकांमधून पुढे जाते. "अहो," ती म्हणते. तो वळत नाही. ती बाजूने जाऊन बघते, तर तिकडूनही त्याची पाठच दिसते. त्याचा चेहरा तिला आठवत नाही. आठवत नाही म्हणून तो दिसतही नाही.

"चल," मागून बाबा म्हणतात. "मुलं येतील. फराळाचं राहिलंय."

"बाबा, ह्यांनी माझ्यासाठी विचारलं होतं ना?"

बाबा पहिल्या बाकावर बसतात. समोरचं गीतांचं पुस्तक उचलून त्याची शिवण अंगठ्याने चाचपतात. आसपास एकदम खळीचा वास येतो, छापखान्यातला, आंबूस. कागदांचे गठ्ठे बाकांवर चढत चाललेत.

"शिवण सुटलीय," ते म्हणतात. "ह्यात दोरा कमी वापरलाय."

"बाबा."

"विचारलं होतं."

"मग?"

"मग काय? शमू चौदाचा होता. दादाची कॉलेजची फी होती. बाई ठेवायची तर घरात खाणार काय होतो? तुझ्यासारखं कुणाला जमलं असतं?"

"म्हणजे मला जमत होतं म्हणून."

"मी तुझं नाव कुठे खराब केलं? साऱ्या मंडळीत तुझं कौतुकच केलं."

"कौतुकाला पैसा लागत नाही, बाबा. ते आपल्या घरात कायम होतं."

ते तिच्याकडे बघतात. रागावलेले नाहीत. मोड मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघताना दुकानदाराच्या तोंडावर जे असतं, तसं काहीसं त्यांच्या तोंडावर आहे.

"तू रडली असतीस तर पाठवलं असतं," ते म्हणतात. "एकदा जरी म्हणाली असतीस, बाबा, मला जायचंय. तू कधी काही मागितलंच नाहीस, सुवार्ता."

हे तिला अपेक्षित नव्हतं. ती इतकी वर्षं मनात जे जे वाद घालत आली, त्यांत हे उत्तर कधी आलं नव्हतं. आणि हे उत्तर बाबांचंच आहे. ह्यातही त्यांनी आपल्या वाट्याच्या दोषातलं थोडं वाचवलंय.

"त्या चमत्काराच्या गोष्टीत शेवटी बारा टोपल्या उरल्या होत्या," ती म्हणते. "लोक जेवून तृप्त झाले आणि बारा टोपल्या उरल्या. तुम्ही तेवढं कधी सांगितलं नाहीत. आपल्याकडे काय उरलं?"

"मुलं शिकली. घर राहिलं."

"घर विकतायत."

बाबा पुस्तक मिटतात. "बरं झालं. शमूकडे जा. त्याला गरज आहे."

सुवार्ता उभीच असते. तिला वाटतं, आता आपल्याला रडू येईल. ते येत नाही. त्याऐवजी भूक लागते. साधी नव्हे, पोटाच्या तळातून वर चढत येणारी, सतरा वर्षांची असल्यापासूनची भूक. ती बसते, आणि ती बसते ती जागा तिच्या स्वयंपाकघरातली आहे. समोर करंज्यांच्या सारणाचं पातेलं आहे. भाजलेलं खोबरं, पिठीसाखर, खसखस, वेलदोड्याची पूड. ह्या वर्षी काजू तिने तुकडा आणलेले नाहीत, अख्खे आणलेत, भाचवंडांना आवडतात म्हणून.

ती पातेल्यात हात घालते आणि मूठ भरून तोंडात टाकते.

सारण तिने ह्याआधी कधी चाखलेलंसुद्धा नाही. गोडाचा अंदाज तिला वासावरून येतो. बाबा चुलीपाशी पाटावर बसलेत, घरी बसायचे तसेच, एक गुडघा वर करून.

"अगं, पाहुण्यांचं आहे ते," ते म्हणतात.

ती दुसरी मूठ भरते. काजू दाढेखाली फुटतो. साखर ओठांवर येते, हनुवटीवर येते. ती पुसत नाही.

"थोडं ठेव, सुवार्ता. पुरायचं नाही."

"नाही पुरणार," ती तोंडात घास असतानाच म्हणते.

"लोक काय म्हणतील? येशुदासच्या घरी करंज्या कमी पडल्या?"

तिसरी मूठ. चौथी. ती त्यांच्याकडे बघतच खाते. त्यांनी हात धरावा असं तिला वाटतं, म्हणजे तिला तो झटकता येईल. पण ते हात धरत नाहीत. ते पाटावर बसून तिच्या हातांकडे बघत राहतात, हात पातेल्यात जाताना आणि तोंडाकडे येताना. बघता बघता त्यांच्या अंगातला कोट त्यांना मोठा व्हायला लागतो. बाह्या हातांखाली लोंबतात. ते शेवटच्या महिन्यातल्यासारखे झालेत, हाडांचे, पांढऱ्या खुरटलेल्या दाढीचे. त्यांचं तोंड किंचित उघडतं, चमच्याची वाट बघितल्यासारखं.

सुवार्ताच्या हातात पाचवी मूठ आहे. ती त्यांच्या तोंडाजवळ नेते. तिचा हात आपोआप जातो, चार वर्षांची सवय आहे. आणि मग तो मध्येच थांबतो.

"मला द्यायचं नाही?" ते विचारतात. आवाजात तक्रार नाही, नुसतं आश्चर्य आहे.

"नाही, बाबा," ती म्हणते.

हे दोन शब्द तिने त्यांना आयुष्यात कधी म्हटले नव्हते. ते एवढे सोपे असतील असं तिला वाटलं नव्हतं, आणि सोपे निघाले ह्याचंच तिला वाईट वाटतं. ती मूठ आपल्या तोंडाकडे वळवते.

फोन वाजत असतो.

सुवार्ता डोळे उघडते. ऊन पावलांवरून सरकून कोपऱ्यातल्या डब्यांवर गेलंय. मान अवघडलीय. चुलीपाशी पाट नाही, तो तिने अंत्यविधीनंतर माळ्यावर टाकला होता, तिथेच असणार. ती फोन उचलायला हात पुढे करते आणि हाताकडेच बघत राहते. बोटं चिकट आहेत. नखांत खोबरं आहे. जीभ फिरवली तर दाढेत काजूचा चुरा लागतो, हनुवटीवर साखर खरखरते. मांडीला लागून सारणाचं पातेलं आहे. दुपारी ती बसली तेव्हा ते ओट्यावर होतं. आता ते निम्म्याच्याही खाली गेलंय, आणि उरलेल्या सारणात चार बोटांनी ओरबाडल्याच्या खोल रेघा आहेत.

फोन वाजायचा थांबतो. मग पुन्हा वाजू लागतो.

"ताई, कुठे होतीस?" शमुवेल म्हणतो. "ऐक, नीलिमाची बहीण पण घरच्यांना घेऊन येतेय आमच्याबरोबर. चार माणसं वाढली. करंज्या जरा जास्त कर, म्हणजे परत जाताना द्यायलाही होतील."

"सारण संपलं, शमू."

"संपलं म्हणजे? मग अजून कर ना थोडं."

"नाही."

"बरं नाहीये का तुला?"

"बरी आहे. फराळ पुण्याहून विकत आणा. जेवायला डाळभात असेल. आणि मी तुझ्याकडे राहायला येणार नाही. घरावर माझंही नाव आहे. सही मागायला आलास तर मी देणार नाही."

"ताई, हे तुला कुणी शिकवलं?" त्याचा आवाज चढलाय. "बाबा असते तर त्यांना काय वाटलं असतं?"

सुवार्ता फोन बंद करून जमिनीवर ठेवते. काळ्या काचेवर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटलाय, साखरेचा, आणि त्याला खसखशीचे पाच-सात दाणे चिकटलेत.