वाऱ्याला आकड्यात धरणारा जावई

माझ्या जावयाएवढा मोठा माणूस आमच्या राजेश्वरच्या पंचक्रोशीत झाला न्हाई, आन् होणारही न्हाई. मी चौथी नापास. पण माणूस ओळखायला शाळा लागत नाही. पारावर कुणी विचारायचं, "अप्पा, जावई बेंगळुरात काय करायलेत?" मी छाती काढून सांगायचो, "वाऱ्याचं गणित!" लोक हसायचे. हसोत.

हा माणूस सासुरवाडीला आला की एका पायात माझी चप्पल, एका पायात त्याची. चहावर फुंकर घालायचा आणि साय कशी सुरकुतते ते बघत बसायचा. चहा पार गार. भिंतीवर हात फिरवताना खडा लागला की तिथंच खिळायचा. एकदा मी विचारलंच, "जावईबापू, एवढं काय हाय त्यात?" तर म्हणाला, "मामा, विमानाच्या पंखाला चिकटून वाऱ्याचा पातळ पापुद्रा सरकतो. पंखावर एवढासा खडा असला तरी त्याच्या मागं तो फुटतो, वारा पिसाळतो. कसा, ते मी कॉम्प्युटरात आकड्यांनी करून बघतो." जो डोळ्याला दिसत नाही त्याला आकड्यात धरायचं! मी मनातल्या मनात हात जोडले.

एका साली उन्हाळ्यात अधिक महिना आला. जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं, तर गडी तोंड पाडून आला. लेक म्हणाली, प्रयोगशाळेत खड्यामागं वारा फुटतो, ह्यांच्या गणितात फुटतच न्हाई. यंदा जुळलं नाही तर संशोधन बंद, मग कुठंतरी मास्तरकी.

सकाळी त्यानं विचारलं, "मामा, उसाच्या पाटात खडा ठेवून बघू का?" जावई मागायलाय म्हणल्यावर मी काय कमी करतो! शहाबादी फरशीचा पाट पोत्यानं घासून लख्ख केला, बैल लांब बांधले, गड्यांना दम भरला, "पाण्यात कुणी बोट घातलं तर बघा." पाणी आरशागत चाललं. खड्यावरूनही गुमान गेलं. जावई उकिडवा बसलेला. "फुटत न्हाई, मामा," म्हणाला, आणि त्याचा आवाजच फुटला.

तेवढ्यात आमची कारभारीण पुरणाचे हात धुवायला वरच्या अंगाला आली. मी ओरडलो, "अगं, पाण्यात हात कामून घालायलीस?"

"मग काय तुमच्या टोपीत धुवू? धोंडे गार व्हायलेत, जावयाला उठवा!"

पाणी जरासं थरथरलं. ती थरथर खड्यापाशी आली, आणि खड्यामागं पाणी भोवऱ्याभोवऱ्यानं फुटलं.

जावई ताडकन उठला. "मामा, खऱ्या वाऱ्यात थरथर असतीच! मी ती घातलीच न्हाई. वारा पार सोवळ्यातला घेतला!" म्हणजे मी पाट जसा जपला, तसाच त्यानं वारा जपला होता. पिशवी उचलून तो एस.टी.कडं पळाला. मागनं ही ओरडायली, "अहो, अधिकात जावई उपाशी चालला! लोक तोंडात शेण घालतील!" तो तिथनंच म्हणाला, "मामी, आता घास उतरायचा न्हाई."

पुढं बरेच दिवस ही माझ्याशी धड बोलली नाही. मग एका दुपारी पोस्टात फोन आला म्हणून मला बोलावणं आलं. "मामा, फुटला! आकड्यात फुटला!" मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. सगळ्या गावाच्या वतीनं बोलायचं होतं. तोंडातनं निघालं, "जेवलाव का?"

तो लेकरासारखा म्हणाला, "न्हाई, मामा. आता भूक लागली."

फोन ठेवून मी पोस्टाच्या बाकावर बसून राहिलो. ताट वाढावं म्हणलं, तर बेंगळुरू तेव्हा लई लांब होतं.