जावयाच्या फोनची काच

गरम डिंकाचा वास आला की वारंगा फाट्यावरचं ते दुकान आठवतं. फुटलेल्या मोबाइलची काच तापवून काढायची आणि नवी बसवायची, हे मी तिथंच शिकले. पहिल्यांदा एकटीनं बसवली, तेव्हा मालक म्हणाले, "आत एक जरी बुडबुडा राहिला, तर उद्यापासून येऊ नको." गिऱ्हाईक चहाला गेलं होतं. तपासायला काचेवर सगळीकडं बोट फिरवलं, तर त्याच्या सासूला व्हिडिओ कॉल लागला. "कोण गं तू? आमच्या जावयाचा फोन तुझ्याकडं काहून?" मालक धावत आले, "काय झालं?" मी हळूच म्हणाले, "सासूबाई कानातल्या फुलापर्यंत साफ दिसून राहिल्या. बुडबुडा न्हाई." काम टिकलं. आता मात्र गिऱ्हाइकाला समोर बसवल्याशिवाय मी काचेला बोट लावत नाही.