सरळ चालत आलेला नवखा

आमचा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. दारात उभा राहून नुसती घरघर ऐकतो आणि कुठलं चाक झिजलंय ते सांगतो. माणसाचं ऐकायची वेळ आली की मात्र याचे कान कुठे जातात, देव जाणे. वहिनी मुलीला घेऊन दुसऱ्या शहरात निघून गेली तेव्हा मला म्हणाला, "अगं, काही बोलली असती तर!" ती बिचारी अकरा वर्षं बोलतच होती.

उरलेल्या वेळात दादा कॉम्प्युटरवर एक खेळ खेळतो. जगभरची माणसं त्यात सोंगं घेऊन, टोळ्या करून राक्षसांशी लढतात. दादा त्याच्या टोळीचा वैद्य. लढणाऱ्यांच्या जखमा भरायच्या, कुणाला वाचवायचं ते ठरवायचं. लेव्हल नव्वद, म्हणजे शेवटची. एकदा मला शिकवायला बसला. मला राक्षस दिसत होता, त्याला राक्षसाचा खांदा. खांदा हलला की वार कुठे पडणार हे त्याला आधीच ठाऊक. "तू कुठलं बटण दाबू याचा विचार करतेस," तो म्हणाला, "मी बटणांचा विचार सोडून दहा वर्षं झाली." मधल्या लेव्हलवाल्यांची तर तो टर उडवायचा. नियम सगळे पाठ, आणि दिसेल त्याला उपदेश.

दादाची लेक, चौदा वर्षांची आमची मुंगी, फोनवर बापाशी दोन मिनिटांच्या वर बोलत नसे. जेवलीस का, जेवले, झालं. मग तिनेच त्या खेळात नाव घातलं, तेही मुंगी म्हणूनच. दादा हरखून गेला. एका रविवारी दुपारी टोळीच्या हातापाया पडून त्याने तिला मोठ्या लढाईत घेतलं. लेव्हल अवघी बारा! मी शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होते.

लढाई ऐन रंगात आली आणि मुंगी एका जागी थांबली. राक्षसाचा खांदा हलला. दादाकडे एकच औषध उरलं होतं. ते त्याने पुढे उभं राहून टोळीवरचे वार झेलणाऱ्या ढालवाल्याला दिलं. मुंगी पडली, टोळी जिंकली. हेडफोनमधला जल्लोष मलासुद्धा ऐकू आला.

"अरे, लेक पडली तुझी!"

"खेळात गं. वाचवली असती तरी पुढच्या वाराला गेलीच असती. आणि थांबली कशाला? तिथे कुणी थांबत नाही."

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तिची एक ओळ होती. मी ती वाचून दाखवली. "बाबा, मी कुठे उभी राहू?"

दादाचा चेहरा उतरला. "लढताना खालचं कुणी वाचत नाही," एवढंच म्हणाला.

त्यानंतर तीन आठवडे तिने त्याचा फोन उचलला नाही. खेळात मात्र दिसायची, नवखे जिथून खेळ सुरू करतात त्या गावात, एकटीच. दादाने शक्कल लढवली. नवं सोंग, नवं नाव, लेव्हल एक. ओळख न देता तिच्याबरोबर हिंडायचं, हळूहळू गट्टी जमवायची. मला बोलावून घेतलं, बहुधा धीर यावा म्हणून. मला त्याची दया आली आणि रागही आला.

ती विहिरीजवळ बसली होती. फाटक्या सदऱ्यातलं दादाचं सोंग तिच्यापाशी जाऊन उभं राहिलं. त्याने काही लिहायच्या आत तिची ओळ आली, "बाबा?"

त्याने लिहिलं, "कसं ओळखलंस?"

"नवीन माणूस आधी कोंबड्यांच्या मागे धावतो, भिंतीवर आपटतो, विहिरीत डोकावतो. तुम्ही सरळ चालत आलात."

मला हसू आलं. दादाला नाही आलं.

मग तिने विचारलं, "त्या दिवशी मला वाचवता येत होतं?"

दादाने बरंच काही लिहिलं, खोडलं. शेवटी नुसतं "हो" पाठवलं.

"मग?"

जगभरच्या खेळाडूंना अडल्या वेळी सल्ला देणारा हा माणूस माझ्याकडे वळला. "काय लिहू गं?"

"चुकलो म्हण."

"पण मी चुकलो नव्हतो. कुठल्याही वैद्याने हेच..."

"आधी लिही रे!"

"अगं, ऐक तरी. ढालवाला पडला असता तर सगळेच..." तो मला समजावत राहिला, आणि पडद्यावरचं मुंगीचं नाव विझलं.