बाराच्या तारा

ऑफिसातून नोएडाच्या घरी पोचेपर्यंत माझ्यात चपला काढण्यापुरताच जीव उरलेला असायचा. नवी नोकरी, नवा सेक्टर, नवा फ्लॅट, आणि सगळ्यांना त्यांच्या दारात सोडून मला सर्वांत शेवटी उतरवणारी कंपनीची कॅब. प्रगती म्हणतात ती हीच असावी, असं समजून मी जिना चढायचे. वर दारात बाबा. देवापुढे दिवा लावून झालेला आणि हातात माझी गिटार.

आई गेल्यावर आम्ही त्यांना पुण्याहून इथे आणलं होतं. त्यांचं हिंदी बातम्या ऐकण्यापुरतं. खाली पार्कात जमणाऱ्या म्हाताऱ्यांशी ‘अच्छा, अच्छा’वर भागवायचे आणि वर येऊन बसायचे. दिवेलागणीला एक भावगीत वाजवायचं, एवढीच त्यांची माझ्याकडे मागणी होती. अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ मी कुणाची तरी मुलगी असायचे.

गिटारच्या तारांचा संच त्यातल्या सगळ्यात पातळ तारेच्या जाडीवरून ओळखतात. दहाचा बारीक, बाराचा जाड. मी कॉलेजपासून बाराच लावत आले, तोही बाबांचाच आग्रह. कपडे वाळत घालायची दोरी असो की सतरंजी, त्यांचा हिशेब एकच: जाड घ्या, टिकतं. पण दिवसभर कीबोर्ड बडवून आल्यावर त्या जाड तारा दाबायच्या म्हणजे बोटांच्या टोकांना आग लागायची.

शेवटी एका शनिवारी आम्ही दोघं सेक्टरच्या मार्केटात तारा घ्यायला गेलो.

“मॅडम, दस का ले लीजिए, उंगलियों को आराम रहेगा,” दुकानदार म्हणाला.

बाबांनी तार चिमटीत धरून पाहिली. “ही तार आहे की केस? बाराच घे.”

“बाबा, बोटं माझी दुखतात.” मी जरा जोरातच बोलले. ते दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. मी दहाचा संच घेतला.

बोटांना खरंच सुख झालं. आवाज किंचित किरटा आणि बारीक यायचा, पण दमलेल्या माणसाला तेवढं चालतं. बाबा रोज समोर बसत, माझ्या हाताकडे टक लावून बघत आणि मान डोलवत. पूर्वीसारखी ‘वा’ मात्र येईना. जाड तारांचा हट्ट चालला नाही म्हणून रुसलेत, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “सासरे कुणाचे आहेत!”

तो उन्हाळा होता. खिडकीतला कूलर इतका घरघरायचा की घरात सगळेच ओरडून बोलायचे आणि सगळेच ‘काय?’ म्हणायचे. बाबा जरा जास्त वेळा म्हणायचे, ते त्या गोंगाटात खपून गेलं.

एका संध्याकाळी मी गाणं सुरू केलं आणि लाइट गेली. कूलर थांबला. देवाजवळच्या समईचा उजेड माझ्यापर्यंत पोचत नव्हता, पण गाणं आईच्या आवडीचं होतं, म्हणून मी थांबले नाही. ध्रुवपद संपवून अंतऱ्यावर आले. त्या शांततेत एकेक सूर स्वच्छ येत होता.

बाबा समाधानाने पुढे सरकले. “बरं झालं, तो राक्षस बंद पडला,” ते म्हणाले. “आता कर बघू सुरू.”

मी वाजवतच होते. अंधारात त्यांना माझा हात दिसत नव्हता, एवढाच काय तो फरक पडला होता. मला रडू फुटलं. त्या अंधाराचं बरंच वाटलं.

“हो बाबा,” मी मोठ्याने म्हणाले आणि पहिल्यापासून, होतं तेवढं बळ लावून तारा छेडल्या.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा त्या दुकानात गेले. “क्यों मॅडम, आराम नहीं मिला?” दुकानदाराने विचारलं. मी नुसतं ‘बारह का दीजिए’ म्हटलं.

संध्याकाळी कूलर मीच बंद केला आणि त्यांच्या खुर्चीला खुर्ची भिडवून बसले. घामाच्या धारा लागल्या होत्या, बोटं पेटली होती. बाबांनी थोडा वेळ माझ्या हाताकडे पाहिलं. मग कित्येक दिवसांनी डोळे मिटून घेतले, आणि तरीही त्यांची मान ठेक्यावर हलत राहिली.